नार्वे–दिवाडी–जुनं गोवें: पहिले २१ किलोमीटर झाले

मंडळी, धावण्याचा मागचा लॉग टाकला होता तो चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी, तेव्हा लॉन्ग रन जेमतेम आठ किलोमीटरवर होता आणि पावसामुळे तोही धड होत नव्हता. या रविवारी पूर्ण २१ झाले. वेळ २ तास ४१ मिनिटं, फेरीबोटीतला वेळ सोडून. फेरीचा विषय पुढे येईलच, तो या रूटचा मोठा भाग आहे.

रूट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुरुवात डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला, सप्तकोटेश्वराच्या देवळापासून. तिथून खाली फेरीधक्का, नदी ओलांडली की दिवाडी बेट, बेट आडवं पार करून पिएदाद गाव, तिथून खाजनातला (बांध घातलेल्या नदीकाठच्या शेतीतला) सरळ रस्ता पकडून दुसरी फेरी, आणि पलीकडे उतरलं की समोर जुन्या गोव्याची व्हाइसरॉयची कमान. गांधी सर्कलकडे हातकातरो खांबापर्यंत जायचं, मोंतीच्या टेकडीवर एक चढ मारायचा, सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्याला वळसा घालायचा आणि त्याच वाटेने परत. माझ्या घड्याळात देऊळ ते खांब नऊ किलोमीटरच्या आसपास येतात, बाकीचे जुन्या गोव्यात फिरून भरून काढते.

हा रूट का निवडला ते मागे एकाने विचारलं होतं, रस्ते तर मये गावाला पण चांगले आहेत म्हणून. आहेत, तळ्याकडे मी मंगळवारी पळतेच. पण ही वाट देवाची वाट आहे. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचं दैवत, त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर ‘सप्तकोटीश्वर लब्ध वरप्रसाद’ असं बिरुद आहे, आणि मूळ देऊळ दिवाडीवर होतं. बहामनी काळात ते पडलं, चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने परत उभं केलं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. मग लोकांनी लिंग नदीपार डिचोलीत आणलं. डिचोली तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हती, ती अठराव्या शतकाच्या शेवटाला त्यांच्याकडे गेली. म्हणजे नदीचं हे एवढंसं पात्र, एवढ्यावर देव वाचला. मग १६६८ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने आत्ताचं देऊळ बांधायला घेतलं, दारावर शके १५९० चा शिलालेख आहे, कधी गेलात तर मान वर करून बघा. शाळेत हे सगळं वाचलेलं होतं, पण धावायला लागल्यावर कळलं की दोन्ही जागा एका सकाळीत पायाने जोडता येतात, आणि तेव्हापासून डोक्यात तेच बसलं होतं.

ऑक्टोबर कठीण गेला. पाऊस थांबला की आपल्याकडे जो उकाडा सुरू होतो तो तुम्हाला सांगायला नको, साडेसहालाच टीशर्ट पिळून काढावा लागत होता आणि दिवाडीच्या खाजनातल्या रस्त्यावर सावलीचं नाव नाही, दोन्ही बाजूंना शेत आणि पाणी, मधे हा रस्ता. पहिल्या दोन रविवारी पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) ७:५० मिनिटांवर गेला आणि हार्टरेट खाली यायला तयार नाही. शेवटी ठरवलं की अंधारातच निघायचं, हेडलॅम्प लावून, म्हणजे उन्हाआधी खाजन पार. त्याने फरक पडला. आणखी एक केलं, १० किमीच्या वर गेले की एका बाटलीत मीठ-साखर-लिंबूपाणी न्यायला लागले, एनर्जी जेल वगैरे मला मानवत नाहीत.

नोव्हेंबरमध्ये उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागली, आयटी बँड, म्हणजे मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा पट्टा. कारण शोधायला दोन आठवडे गेले. आपले गावातले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात ना, आणि मी कायम उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून, त्यामुळे एक पाय सतत खालच्या पातळीवर पडत होता. दिवाडीवर सकाळी गाड्याच नसतात म्हणून आता तिथे मधोमध पळते, गाडीचा आवाज आला की कडेला. सोबत रोज हिप ब्रिज आणि साइड लेग रेज हे व्यायाम, तीन-तीन सेट. डिसेंबरच्या मध्यापर्यंत दुखणं गेलं. ज्यांना असं होतंय त्यांनी शूज बदलण्याआधी रस्ता बघा.

आता फेरी. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, थेट चढायचं. पण दोन गोष्टी. एक, घड्याळ फेरीत चढायच्या आधी हाताने पॉझ करा, ऑटोपॉझवर विसंबू नका, कारण फेरी चालते तेव्हा घड्याळाला वाटतं तुम्हीच पळताय आणि पाण्यावरचं अंतर रनमध्ये जमा होतं. दोन, रॅम्पवर शेवाळ असतं, ओहोटीला जास्त उघडं पडतं. डिसेंबरमध्ये एकदा मी फेरी सुटेल म्हणून शेवटच्या दहा मीटर जोरात गेले आणि सरळ बसले, तळहात खरचटला, नशीब गुडघा वाचला. फेरी चुकली तर चुकू दे. नार्व्याच्या बाजूला मला दोनदा वीस मिनिटं थांबावं लागलंय आणि दोन्ही वेळा ती वीस मिनिटं चांगली गेली, मुळ्यांवर उभ्या त्या तिवरांच्या झाडांतून बगळे उठतात, पाणी चढतंय की उतरतंय ते दिसतं, पाय ताणून घ्यायचे, दोन घोट पाणी.

दिवाडीवर उतरल्यावर नार्वेच लागतं, दोन्ही काठांना नाव एकच. मूळ देवळाची जागा इथली, जवळच जुनी पायऱ्यांची तळी आहे. मी तिथे प्रत्येक वेळी थांबते, अर्धा मिनिट का होईना. पुढे आतला रस्ता सावलीचा, आंबे, फणस, जांभ्याच्या चिऱ्यांची कुंपणं, जुनी घरं, आणि सहा-साडेसहाला पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा पों-पों हॉर्न. पिएदादला टेकडीवर इगर्ज (चर्च) आहे, चढ छोटा पण खडा, मी त्याचे हिल रिपीट्स करते, चार वेळा वर-खाली. वरून सगळी मांडवी, चोडण बेट, जुन्या गोव्याच्या इगर्जींची पांढरी टोकं. या टेकडीवर आधी गणपतीचं देऊळ होतं, तो गणपती आता खांडोळ्याला आहे, आणि इगर्जीजवळच्या कबरस्तानातल्या चॅपेलचं कोरीव छत कदंब काळातलं आहे. दिवाडीचे देव असे चहूकडे गेलेत. खांडोळ्याचा रूट मला उन्हाळ्याआधी करायचाय.

खाजनाबद्दल थोडं, कारण नवीन लोक तिथे बांधावर पळायला जातात. खाजन म्हणजे नदीला बांध घालून मिळवलेली शेती, भरती-ओहोटीचं पाणी मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) फळ्यांतून आत-बाहेर होतं. बांध मातीचा असतो, पावसानंतर भुसभुशीत, आणि तो फुटला तर खारं पाणी शेतात घुसतं. म्हणून कृपा करून बांधावर ग्रुप घेऊन स्पीडवर्क (वेगाचा सराव) करू नका. डांबरी रस्ता आहे, तो वापरा.

रविवारचा रन. निघाले ५:२० ला. पहिले नऊ किमी ६:५५ ते ७:१० मध्ये, मुद्दाम हळू. जुन्या गोव्यात कमानीखालून गेले तेव्हा नुकतं उजाडत होतं. हातकातरो खांबाला हात लावला नाही, पण थांबले. काळ्या दगडाचा कदंब पद्धतीचा तो खांब रस्त्याकडेला एकटा उभा आहे, आणि तो दिवाडीच्या सप्तकोटेश्वराच्या देवळातलाच असावा असं मानणारे अभ्यासक आहेत. गाड्या बाजूने जातात, कुणी बघत नाही. मला तिथे दर वेळी वाईट वाटतं. मग मोंतीचा चढ, मग ऑगस्टिनचा मूळ ४६ मीटरचा मनोरा, म्हणजे त्यातला उरलेला अर्धा, त्याची घंटा आता पणजीच्या इगर्जीत वाजते. १२ व्या किलोमीटरला परत फेरी.

१६ ते १८ जड गेले. दिवाडीच्या आतल्या रस्त्यावर ऊन झाडांतून यायला लागलं होतं, पोटऱ्या घट्ट, पेस ८:२० वर. एका घरासमोर म्हातारी बाय अंगण झाडत होती, हात थांबवून म्हणाली, ‘‘धांवून खंय वता गो बाय?’’ (धावत कुठे जातेस गं?) मी म्हटलं, नार्व्याक, देवळांत. ती म्हणाली, ‘‘मागीर सवकास वच, देव खंय पळून वचना.’’ (मग सावकाश जा, देव कुठे पळून जात नाही.)

मी हसले आणि पुढे गेले, आणि शंभर-दोनशे पावलांवर ते वाक्य मनात परत आलं. याच रस्त्याने गेला असेल की तो. रात्री असेल, कुणीतरी कापडात गुंडाळून, होडीत घालून, बोलायचं नाही, दिवा लावायचा नाही. धारालिंग, म्हणजे उभ्या कंगोऱ्यांचं लिंग आहे ते, दगड आहे, जड. माझ्याकडे अर्धी बाटली पाणी होतं आणि ते मला जड वाटत होतं. १९ वा किलोमीटर ७:१५ मध्ये गेला, का ते घड्याळ सांगणार नाही.

फेरीत मी एकटीच होते आणि एक स्कूटरवाला. पाणी चढत होतं.

नार्व्याच्या धक्क्यापासून देवळापर्यंत रस्ता चढत जातो, कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा) सुरू होतात, हवा एकदम गार. घड्याळात २१.१ देवळाच्या थोडं अलीकडेच झाले, पण थांबले नाही, दीपस्तंभापर्यंत गेले. जीर्णोद्धारानंतर, २०२३ पासून, आवार नीट झालंय, पाय धुवायला नळ आहे. शूज काढले, मोजे ओले होते ते पण काढले, आत जाऊन बसले. फरशी थंड होती.

पुढचे दोन आठवडे फक्त ईझी, जास्तीत जास्त ८. नंतर खांडोळ्याचा रूट आखायला घेईन. खांडोळ्याजवळच्या माशेलकडून कुणी येत असेल तर सांगा, तिथला सकाळचा रस्ता कसा आहे, कुत्रे आहेत का, आणि पाणी कुठे मिळतं एवढं कळलं तरी पुरे.