तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या रानात औषध गावलं काय?

निपाणीकडचा तंबाखूवाला असो की खानापूरचा भातवाला, प्रश्न एकच: "सर, एवढी माती घेऊन गेलात, औषध गावलं काय?"

आम्ही मातीत शोधतो ते प्रतिजैविक (अँटिबायोटिक) करणारे जिवाणू. दुसऱ्या जिवाणूला मारणारा जिवाणू गावला. तो बहुतेक रानांत गावतो.

माती द्यायचीच तर खताच्या पोत्यातनं नको. वरचा दोन बोटं थर सारून 10 ते 15 सेंटिमीटर खालची, मुळांजवळची मूठभर माती स्पिरिटनं पुसलेल्या चमच्यानं घ्या. पिशवीवर पीक आणि शेवटची फवारणी लिहा. आम्ही ती सावलीत आठवडाभर वाळवतो. नाजूक जिवाणू मरतात, आम्हाला हव्या त्या स्ट्रेप्टोमायसीस या औषध करणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू तगतात. बॅसिलस या नको असलेल्या जिवाणूचेही तगतात, आणि मळीत ते फार, म्हणून ताजी मळी टाकलेल्या उसाच्या रानातली माती मी परत पाठवतो. ताटलीभर तेच पसरतात.

पुढं 1 ग्रॅम माती 9 मिलि निर्जंतुक मिठाच्या पाण्यात, मग दहा-दहा पट पातळ करत एक लाख पटीपर्यंत. त्यातलं 0.1 मिलि ताटलीतल्या स्टार्च-केसीन अगारवर, म्हणजे जिवाणूंच्या खाद्याच्या जेलीवर. अगारात मिलिला 50 मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड हे बुरशीनाशक हवंच, नाहीतर बुरशी सगळं गिळते. 28 अंशाला दहा दिवस. खडूच्या भुकटीसारखी दिसणारी, सुई लावली की अगारासकट उपटून येणारी वसाहत दिसली की ती उचलायची.

खरं दुखणं पुढं आहे. नारिंगी वसाहतीचंच घ्या. तिचा 6 मिलिमीटरचा तुकडा स्टॅफिलोकॉकस हा रोगजंतू पसरलेल्या ताटलीवर ठेवला, 37 अंशाला रात्रभर. सकाळी भोवती रुंद, स्वच्छ कडं, म्हणजे तिथले जंतू मेले. ई. कोलाय या दुसऱ्या जंतूवर काही नाही. पोरं फोटो काढतात. मग तीच वसाहत फ्लास्कमधल्या पातळ खाद्यात, हलवत्या यंत्रावर मिनिटाला 180 फेरे, सात दिवस, आणि बऱ्याचदा औषध गायब! अगारवर उपासमार झाली की हे जिवाणू बीजाणू धरतात, औषधही तेव्हाच करतात. फ्लास्कमध्ये ग्लुकोजची चंगळ असते. ग्लुकोज काढून स्टार्च आणि सोयाबीनचं पीठ दिलं की कधी पाण्यात औषधाचा नारिंगी रंग येतो, कधी नाही. आलाच तर इथाइल ॲसिटेट या द्रावकानं औषध ओढून आटवायचं. तळाला केशरी खर. मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूचं वजन सांगणारं यंत्र, आकडा दाखवतो: 1255. म्हणजे जुनंच ॲक्टिनोमायसिन-डी. या कुळातलं पहिलं वॅक्समन आणि वुड्रफ या शास्त्रज्ञांनी 1940 मध्येच काढलं होतं. इतकं जहाल की जंतुसंसर्गावर देता येत नाही; कर्करोगात वापरतात. गेले सगळे कष्ट वाया.

"मग ते यंत्र आधीच का लावत नाही?" लावायला अर्क लागतो हो, आणि अर्कासाठी फ्लास्क.

मातीतलं संपलं, आता जिवाणूंचे जीनोम (सगळी जनुकं) वाचावेत, असं मीही म्हणत असे. मग 2015 मध्ये टेक्सोबॅक्टिन हे नवं प्रतिजैविक जाहीर झालं, अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या साध्या गवताळ मातीतनं. पण जिवाणू पातळ पडद्यांच्या बारीक कप्प्यांत कोंडून मातीतच वाढवल्यावर. तेही अजून दवाखान्यात पोचलेलं नाही, तेव्हा माझं म्हणणं खोटं ठरलं असं मी मानत नाही. खरं ठरलं असंही नाही.

तसे कप्पे खानापूरच्या खाचरात पुरायचे म्हटलं तर पाणी उभं असताना उपयोग नाही. चिखलात हवा पोचत नाही आणि स्ट्रेप्टोमायसीसला हवा लागते. कापणी झाली, भेगा पडायच्या आधी रान वाफशावर आलं की सांगा.