ऑरहूसच्या छपरावर, रंगांच्या बोगद्यात

आत्याचं सांगलीत पंचवीस वर्षं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर. गिऱ्हाइकाने साडी काउंटरवर ठेवली की ती एका नजरेत सांगायची, हा डाळिंबी नव्हे, आमसुली. तरीही प्रत्येकीला दारापाशी उन्हात नेऊन कापड पारखायला लावायची. ट्यूबलाइटखालचा रंग घरी गेल्यावर बदलतो, हे तिचं ठरलेलं वाक्य. सप्टेंबरअखेर ती माझ्याकडे कोपनहेगनला आली तेव्हा तिला कुठे न्यायचं हे माझ्या मनात पक्कं होतं.

डेन्मार्कमधल्याच ऑरहूस शहरातल्या 'आरॉस' कलासंग्रहालयाच्या छपरावर ओलाफुर एलियासन या डॅनिश-आइसलँडिक कलावंताची 'युअर रेनबो पॅनोरमा' ही कलाकृती २०११ पासून आहे. रंगीत काचांचा एक गोल बोगदा, ३ मीटर रुंद, पूर्ण फेरी १५० मीटरची, छपराच्या साडेतीन मीटर वर खांबांवर तोललेला. दोन्ही बाजूंना काच, आणि पावलागणिक तिचा रंग सरकत जातो.

कोपनहेगनहून रेल्वेने साधारण तीन तास लागतात. 'ऑरेंज' नावाची स्वस्त तिकिटं आधी काढली तर बरेच पैसे वाचतात, पण ती ठरलेल्या गाडीपुरतीच चालतात. जागा मात्र वेगळी राखून ठेवा. वाटेत गाडी समुद्राखालच्या ८ किलोमीटरच्या बोगद्यातून जाते आणि बाहेर येऊन एका छोट्या बेटावरून लांबलचक पुलावर चढते, दोन्हीकडे नुसतं पाणी. आत्याने तेवढा वेळ डबा खाणं थांबवलं होतं. स्टेशनपासून संग्रहालय दहा मिनिटांच्या चालीवर आहे. सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत, लॉकर आहेत.

आधी थेट वर जा. खालची दालनं नंतर बघा. पाय थकलेले असले की वर माणूस भराभर फेरी मारून, फोटो काढून उतरतो, आणि मग हातात काहीच उरत नाही. गच्चीवरून बोगद्यात जायला जिना आहे, लिफ्टही आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी काळजी करू नये.

आत्या हिरवी इरकल नेसली होती, काठ लाल. आम्ही तांबड्या काचांमध्ये शिरलो आणि तिची साडी काळी झाली. काठ विरून फिका पडला. ती जागीच थांबली, पदर हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. पुढे हिरव्यात आलो तर उलटंच, अंग फिकं आणि काठ काळा. कापडाचा रंग नुसता कापडात नसतो, त्यावर पडणाऱ्या उजेडावरही तो ठरतो, हे ती जन्मभर दुकानाच्या दारात उभी राहून सांगत आली होती. इथे ते चालता चालता दिसत होतं. म्हणून माझा पहिला सल्ला कपड्यांचा. पांढरं काहीतरी घाला, निदान पांढरी ओढणी घ्या, आणि सोबत एखादं गडद रंगाचं कापड. पांढरं प्रत्येक रंग अंगावर घेतं, गडद कापड वाटेत हरवतं आणि पुन्हा सापडतं.

दुसरी गोष्ट, थांबा. एका रंगात दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की डोळे त्याला सरावतात आणि तो फिका होत जातो. आम्ही पिवळ्यात उभे राहिलो. आधी बंदर, कॅथेड्रलचं शिखर, सगळं शहर हळदीत बुडाल्यासारखं दिसत होतं, हळूहळू ते साधं दिसू लागलं. मग आत्या झपकन निळ्यात गेली आणि म्हणाली, "अगं, हा निळा मघाशी एवढा नव्हता!" खरंच नव्हता. पिवळ्याला थकलेल्या डोळ्यांना निळा जास्तच गडद भासतो. त्यामुळे किमान दोन फेऱ्या करा, एक सावकाश आणि दुसरी उलट दिशेने. दर वेळी रंग वेगळे भेटतात.

शाळेत पाठ केलेलं 'तानापिहिनिपाजा' इथे अपुरं पडतं. फेरी गोल असल्यामुळे जांभळ्याला पुन्हा तांबड्याशी जोडावं लागतं आणि त्या सांध्यात राणी रंग येतो, जो आकाशातल्या इंद्रधनुष्यात कधीच नसतो. मला सगळ्यात आवडलेली जागा तीच.

मोबाइलचा कॅमेरा आपणहून उजेड पांढरा करू पाहतो, त्यामुळे एकाच रंगातले फोटो बेचव येतात. चौकटीत शेजारचे दोन-तीन रंग घ्या. वेळ निवडायची मुभा असेल तर आठवड्यातल्या दिवशी सकाळी जा. आम्ही शनिवारी गेलो होतो आणि दुपारनंतर एका जागी उभं राहणं कठीण झालं.

खाली शिल्पकार रॉन म्यूकचा 'बॉय' हा पुतळा चुकवू नका. उकिडवा बसलेला, साडेचार मीटर उंचीचा मुलगा. आत्या त्याच्या टाचेवरच्या सुरकुत्या पाहत राहिली.

रात्री बोगदा आतून उजळतो. डिसेंबरात चारच्या आत अंधारतं, तेव्हा एकाच तिकिटात दिवस आणि रात्र दोन्ही मिळतील. सप्टेंबरात अंधार उशिरा पडतो, म्हणून आम्हाला जेवून परत यावं लागलं आणि तो रस्त्यावरूनच पाहावा लागला.

परतीच्या गाडीत आत्याने तिकिटाच्या मागे पेनाने रंग लिहून काढले. लिंबू, सोनसळी, केशरी, अबोली, विटकरी, गुलबक्षी, राणी, अंजिरी, चिंतामणी, मोरपंखी, शेवाळी, पोपटी, आणखी बरेच. एकूण तेवीस भरले. मी मोजले होते ते नऊ.