तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापूरच्या उन्हात गोल्डन रिट्रीव्हर कुत्रं कशाला?

"ओ वहिनी, ह्या उन्हात असलं केसाळ कुत्रं कशाला पाळलाव?" हा प्रश्न मला भाजीवाल्या मावशींपासून मुलीच्या क्लासच्या सरांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय, आणि एप्रिल लागला की दिवसातून दोनदा. आम्ही घरी गोल्डन रिट्रीव्हरची पिल्लं पण काढतो म्हणल्यावर तर लोक असं बघतात की जणू मी होटगी रोडवर बर्फाचा कारखाना उघड्यावर टाकलाय.

प्रश्न चुकीचा नाही ओ. ही जातच थंडीतली. १८६८ साली स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात लॉर्ड ट्वीडमाऊथनं पिवळा रिट्रीव्हर आणि ट्वीड वॉटर स्पॅनियल मादी यांची जोडी लावली, तिथून ही सुरू झाली, काम काय तर गार पाण्यातनं शिकार केलेले पक्षी तोंडात धरून आणायचे. आणि आम्ही राहतो जुळे सोलापुरात, मे महिन्यात ४३-४४ डिग्री, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. आधी एवढा विचार केला असता तर आणलंच नसतं कदाचित. पण नवऱ्याच्या मित्राची बदली झाली आणि त्याचा रॉकी "दोन महिन्यांसाठी" आमच्याकडं आला तो आलाच.

पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही माती खाल्ली. एका जाणकार माणसानं सांगितलं, मशीन मारा, गार वाटेल त्याला. मारली. चार दिवसांत पाठीची गुलाबी कातडी लालभडक, आणि केस परत आले ते असे ठिगळं ठिगळं, जुन्या गादीतल्या कापसासारखे. नंतर कळलं की याच्या अंगावर दोन थर असतात, वरचे लांब केस ऊन अडवतात, आतली लव विंचरून काढायची असते, कापायची नसते. आता मार्चपासून रोज रात्री विंचरते, एका वेळी उशीभर निघतं, आणि आमच्याकडं पाण्याची बोंब असल्यानं आंघोळीपेक्षा तेच बरं पडतं. गोचीड पण त्यातच सापडते.

बाकी उन्हाळ्यात सगळं घरच कुत्र्याच्या टायमानं चालतं. पहाटे पाचला फिरणं, साडेसहाला परत. संध्याकाळी बाहेर काढायच्या आधी मी उलटा हात डांबरावर टेकवते, सात सेकंद ठेवता नाही आला तर परत घरात. दुपारी स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर, कूलरसमोर, पोटाखाली ओला टॉवेल. पोटाखाली बरं का, पाठीवर नाही. लोक मायेनं ओलं पांघरूण टाकतात वर, त्यानं आतली गरमी आतच कोंडते.

आता पिल्लांचं. शेवंती, म्हणजे आमची मादी, तिला आम्ही पुण्याहून आणलं, तिच्या आईबापाच्या खुब्याचे एक्सरे बघूनच, कारण या जातीत खुबा ढिला असण्याचा त्रास पुढच्या पिढीत उतरतो. तिचे स्वतःचे एक्सरे दोन वर्षांची झाल्यावर काढले, डोळे आणि हृदय तपासलं. एवढं सगळं केलं आणि शेवटी घाई केलीच. ती फेब्रुवारीत हीटवर (माजावर) आली, आम्हाला हौस, दिवस धरले. गाभण राहिल्यापासून ६३ दिवस मोजा. एप्रिलचा शेवट, आठ पिल्लं, दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली ती संध्याकाळी आली. तिसऱ्या दिवसापर्यंत दोन गेली. नवऱ्यानं चिकूच्या झाडाखाली पुरली आणि आठ दिवस कुणी त्या विषयावर बोललं नाही.

तेव्हापासून ठरलंय, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये हीटवर आली आणि तब्येत चांगली असली तरच, नाहीतर ते वर्ष सोडायचं. मागचं वर्ष सोडलं. पाव्हणे म्हणतात, वर्षाला दोनदा काढा की, घरात मशीन ठेवून बंद कशाला! २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, अठरा महिन्यांच्या आत मादीला लावायचं नाही, जन्मात पाचच्या वर वेतं नाहीत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. पण खरं सांगते, नियम नसते तरी चिकूचं झाड दारातच आहे.

आणि थंडीतल्या वेताचा घोर वेगळाच, जन्मलेल्या पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही, पहिला आठवडा पिल्लांच्या पेटीत तीस डिग्रीच्या आसपास लागतात. म्हणजे ज्या गावाला उन्हावरनं नावं ठेवतो तिथंच नोव्हेंबरात रात्री दोनला मी पेटीवर बल्ब लावून थर्मामीटर बघत बसलेली. त्या दिवशी सकाळीच शेवंतीच्या अंगाचं तापमान ९८.६ फॅरनहाइटवर उतरलं होतं (एरवी १०१ च्या पुढं), म्हणजे दिवसभरात पिल्लं होणार. सहावं पिल्लू पिशवीसकट आलं आणि ती दमलेली, तिनं फाडलीच नाही. आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, ज्या पहिली दोन वर्षं कुत्र्याला देवघराच्या दाराशी पण येऊ देत नव्हत्या, त्यांनी बोटानं पिशवी फाडली, तोंड पुसलं, आणि सोलापुरी टॉवेलमध्ये घेऊन असं घासायला लागल्या की मला वाटलं कातडी निघेल. "आत्या, हळू." "गप गं." एक मिनिट, दीड मिनिट. मग तो आवाज, उंदरासारखा. काट्यावर ३४० ग्रॅम भरलं, सगळ्यांत हलकं. आत्यांनी टॉवेल धुवायला दिला नाही, पेटीतच ठेवला.

म्हणून मग पिल्लू द्यायच्या वेळी मी खडूस होते. पैशाचं नंतर, आधी विचारते की दुपारी कुत्रं कुठं असणार. जानेवारीत, इथली गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हा, अक्कलकोट रोडचे एक जण आले, मोठा बंगला, माणूस चांगला, मुलं सोबत. म्हणाले, गच्चीवर पत्र्याची खास खोली बांधून देतो ओ त्याला, फॅन पण लावतो. मी म्हणलं, मे महिन्यात दुपारी एक ते तीन तुम्ही तिथं बसून दाखवा, मग पिल्लू घेऊन जा. त्यांना ते लागलं. चपला घालता घालता म्हणाले, मग दुसरीकडं मिळेल का?

मिळेल की, म्हणलं. कुठंही मिळेल.