‘श्यामची आई’ : बत्तिसाव्या रात्रीपुढे

पायाला घाण लागू नये म्हणून जपणारा लहान श्याम, आणि मनाला घाण लागू नये म्हणूनही तसाच जप, असे सांगणारी आई. साने गुरुजींचे नाव निघाले की हा प्रसंग हमखास निघतो. ‘श्यामची आई’त श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो; हा प्रसंग सहाव्या रात्रीचा आहे. पोहायला जायचे टाळले म्हणून शिंपटीचा मार खाणारा श्याम बाराव्या रात्री भेटतो, आणि आळणी भाजी निमूट खाणारे वडील अठराव्या. पुस्तकात मात्र एकूण ४२ रात्री आहेत. लोकांच्या तोंडी असलेले बहुतेक प्रसंग पहिल्या निम्म्या भागातच येऊन जातात, आणि पुस्तकाचा कणा तर दुसऱ्या निम्म्यात आहे.

माझ्या मते ‘श्यामची आई’ ही कर्जाने पोखरलेल्या घराची कथा आहे. आईच्या मायेला आणि शिकवणीला जे वजन येते, ते या कर्जामुळे.

दहाव्या रात्रीपासूनच याची चाहूल लागते. घरात वाटण्या होतात, वडिलांना बाहेर पडावे लागते. माहेरी आश्रित म्हणून राहण्यापेक्षा स्वतःची झोपडी बरी, असा हट्ट आई धरते. ‘पर्णकुटी’ हे त्या रात्रीचे नाव. ३२व्या रात्रीचे शीर्षकच ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ असे आहे. जमिनीचा एखादा तुकडा विकून देणे फेडून टाकावे, असे आई परोपरीने सांगते. वडिलोपार्जित जमीन विकणे भाऊंना, म्हणजे श्यामच्या वडिलांना, कमीपणाचे वाटते, आणि बाईमाणसाला व्यवहारातले काय कळते, असेही वाटते. इकडे व्याज चढत राहते. पुढच्या रात्रींची नुसती नावे ओळीने वाचली तरी घर कसे खचत गेले ते दिसते : ‘गरिबांचे मनोरथ’, ‘वित्तहीनाची हेळसांड’, ‘आईचे चिंतामय जीवन’, ‘तेल आहे, तर मीठ नाही’, आणि ३७वी ‘अब्रूचे धिंडवडे’. त्या रात्री घराच्या जप्तीची दवंडी गावभर ढोल वाजवून दिली जाते. ३८व्या रात्री आईचे शेवटचे आजारपण सुरू होते. हा क्रम गुरुजींनी विचारपूर्वक लावला आहे. आई खचते ती त्या दवंडीने, आणि ते वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

हे सगळे त्यांनी जवळून पाहिले होते. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा, खोतांच्या, म्हणजे कोकणात गावाचा सारा वसूल करणाऱ्यांच्या, घराण्यातला. घराण्याचे नाव मोठे होते, पण वडिलांच्या काळात वैभव ओसरले होते. शिक्षण स्वस्तात व्हावे म्हणून ते औंध संस्थानात गेले. पुढे पुण्यात एम. ए. होऊन १९२४ पासून अमळनेरच्या शाळेत शिकवू लागले, वसतिगृहातली मुले सांभाळू लागले. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनी उतरवून घेतली, ती याच काळातली. ‘श्यामची आई’चा मोठा भाग त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ तारखेच्या दरम्यान लिहिला.

पाच दिवसांत, दिवसाचे तुरुंगातले काम संपवून लिहिलेले हे पुस्तक आहे. त्याचे गुण या वेगातून आले आहेत आणि दोषही. वाक्ये बोलल्यासारखी आहेत, म्हणून ती मोठ्याने वाचावीत. पण अनेक रात्रींच्या आरंभी आश्रमातल्या मित्रांचे बोलणे येते, मध्येच श्याम प्रवचनात शिरतो, आणि आजची दहा-अकरा वर्षांची मुले नेमकी तिथे कंटाळतात. मुलांना वाचून दाखवताना तो आरंभ दोन वाक्यांत सांगून थेट गोष्टीला हात घालावा. एका बैठकीत एकच रात्र घ्यावी. सलग चार-पाच रात्री वाचल्या की अश्रूंचा मारा होतो आणि मूल मिटून जाते. ३२ ते ३७ या रात्री मात्र लागोपाठच्या दिवशी घ्याव्यात, मध्ये आठवडा जाऊ देऊ नये, नाहीतर कर्जाचा फास कसा आवळत गेला ते हातून निसटते. जप्ती, दवंडी, खोत हे शब्द आधी समजावून द्यावेत.

प्रत घेताना एक काळजी घ्यावी. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात, त्यामुळे २०११ पासून त्यांचे लेखन कोणालाही छापता येते. बाजारात अनेक आवृत्त्या आहेत, त्यांत संक्षिप्तही आहेत. अनुक्रमणिकेत ४२ रात्री आहेत का ते पाहावे. संक्षेपात कात्री आधी चालते ती कर्जाच्या भागावर, कारण तो ‘मुलांचा’ वाटत नाही.

कादंबरीकार गुरुजींबद्दल मला इतके भरभरून बोलता येत नाही. ‘धडपडणारी मुले’मध्ये वसतिगृहाचे जग खरे उतरले आहे, पण ‘क्रांती’ किंवा ‘आस्तिक’मधली पात्रे बोलता बोलता भाषण करू लागतात. देशाचे काम म्हणून त्यांनी लिहिले, आणि मजकूर पुन्हा घासूनपुसून घेण्याइतकी उसंत त्या आयुष्यात नव्हती.

‘गोड गोष्टी’ या मालेचे दहा भाग मात्र फार थोड्या घरांत पोचले आहेत, याची खंत वाटते. परदेशी साहित्यातल्या मोठ्या कथा त्यांनी मुलांसाठी मराठीत आणल्या. व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’वरून ‘दुःखी’, जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’वरून ‘मनूबाबा’. ‘श्यामची आई’ संपल्यावर मुलाने पुढे काय वाचू असे विचारले, तर ‘मनूबाबा’ द्यावे. एका एकलकोंड्या विणकराचे साठवलेले सोने चोरीला जाते आणि त्याच्या घरात एक अनाथ पोर येते. पैसा माणसाचे काय करतो हा प्रश्न तिथेही आहे, फक्त या वेळी घर मोडत नाही, उभे राहते. ‘दुःखी’ त्यानंतर.