भिंतीतला पाइप

कोर्ट कमिशनरचं काम म्हणजे जागेवर जायचं, टेप लावायची, दिसेल ते लिहायचं आणि अहवाल द्यायचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 9 खाली कोर्ट आम्हा वकिलांपैकी कोणाला तरी नेमतं. खरं कोण, खोटं कोण हे ठरवणं आपल्याकडे नसतं. गेल्या उन्हाळ्यात पुण्यात शनिवार पेठेतल्या एका वाड्यात मात्र हे पाळणं मला जड गेलं.

दावा मालकांचा होता. भाडेकरूने लेखी परवानगी न घेता पक्कं बांधकाम केलं, सबब जागेचा ताबा मिळावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मधल्या कलम 16 मध्ये ताबा मागायला हे एक कारण दिलेलं आहे. आक्षेप तीन गोष्टींवर: स्वयंपाकाचा ओटा, लाकडी पार्टिशन आणि मोरीची भिंत.

दोन्ही बाजूंना नोटीस देऊन सकाळी साडेदहाला मी पोचले. दोन खोल्या, तळमजला, मागच्या बाजूला अंधार. भाडेकरू म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा आणि सून. मालक वरच्या मजल्यावर राहतात. ते वकिलांना घेऊन खाली आले, तेव्हा आजींनी त्यांना लहानपणच्या टोपणनावाने हाक मारली आणि लगेच जीभ चावली. सात वर्षांत तारखांव्यतिरिक्त दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

ओट्यापासून सुरुवात केली. लांबी साडेपाच फूट, वर शहाबादी फरशी, कडा झिजून गोल झालेल्या. त्याचा इतिहास आजींनी न विचारता सांगितला. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पाणी वाड्यात शिरलं आणि मातीची चूल विरघळून गेली. पाणी ओसरल्यावर सासऱ्यांनी हा ओटा घातला, असं सासूबाई सांगायच्या. मी मापं लिहिली. कलम 16 च्या स्पष्टीकरणातच अशा गोष्टींची यादी आहे. उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा, लाकडी पार्टिशन, दार, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं हे सगळं, लागेल तिथे महापालिकेची परवानगी घेऊन केलेलं असेल, तर पक्कं बांधकाम धरत नाहीत. भाड्याच्या घरातही माणसाला नीट राहता आलं पाहिजे, हे कायदा करणाऱ्यांच्या मनात होतं, असं ती यादी वाचताना मला दर वेळी वाटतं.

पार्टिशन सागवानी चौकटीत प्लायवुड. दहा मिनिटांत झालं.

राहिली मोरी. ती त्या यादीत नाही. जुन्या वाड्यांत मोरी म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात वीतभर उंच कट्टा, एवढंच. इथे त्या कट्ट्यावर छतापर्यंत विटांची भिंत उभी होती. जाडी साडेचार इंच, दोन्ही बाजूंना सिमेंटचा गिलावा, पत्र्याचं दार. मालकांचे वकील म्हणाले, "मॅडम, वीट आणि सिमेंट असं स्पष्ट लिहा." मी लिहिलं. ते खरंच होतं.

"1994 ला हा बोहल्यावर चढला," आजी मुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "त्याआधी आम्ही बायका दोन पातळं बांधून आंघोळ करायचो. घरात नवी सून येणार, तिला आडोसा नको? ह्या मालकांच्या वडलांना विचारलं. त्यांनी स्वतःचाच गवंडी पाठवला."

"कागद आहे का?" मालकांच्या वकिलांनी विचारलं.

आजींनी तारेत ओवलेल्या भाडेपावत्यांचा गठ्ठा पुढे केला. मी हात लावला नाही. कागद घ्यायचा की नाही हे कोर्ट ठरवणार, मला फक्त जागा बघायची होती. तसं सांगितलं तेव्हा त्यांनी गठ्ठा छातीशी धरला, आणि मला वाईट वाटलं. जुन्या वाड्यांतली निम्मी परवानगी अशीच दिली गेली आहे, जिन्यात उभं राहून, तोंडी. कलम मात्र लेखी संमती मागतं, आणि तोंडी होकार दिलेला माणूस आता हयात नाही.

भिंतीची उंची घ्यायला मी मोरीच्या आतल्या बाजूने टेप वर सरकवत होते. डावा हात भिंतीवर टेकलेला. एकाएकी तळव्याखाली भिंत थरथरली. वर कोणीतरी नळ सोडला होता. पाणी भिंतीच्या आतून सळसळत वर चाललेलं स्पष्ट ऐकू येत होतं. टॉर्च लावला तर गिलाव्यावर गंजाची तांबूस रेघ जमिनीपासून सरळ छतापर्यंत गेलेली. छताजवळ गिलावा फुटून अर्ध्या इंचाचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप उघडा पडला होता आणि तक्तपोशीतून वर गेला होता.

मी पुन्हा नळ सोडायला सांगितलं. मालक स्वतः वर गेले, नळ सोडला, बंद केला, परत सोडला. तिन्ही वेळा भिंत बोलली. ते खाली आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदललेला होता. "हा पाइप बाबांनी टाकून घेतला," ते हळूच म्हणाले. वकिलांनी त्यांचा दंड धरला.

मग आक्षेप आला. आदेश बांधकामाची मापं घेण्याचा आहे, पाइपाची नोंद घेऊ नये. मी आदेश वाचून दाखवला. त्यात 'जागेची प्रत्यक्ष स्थिती' असे शब्द होते. पाइप ही प्रत्यक्ष स्थिती. मी लिहिलं: "सदर भिंतीच्या गिलाव्यात जीआय पाइप असून तो वरच्या मजल्यावरील वादीच्या जागेत जातो. वरील नळ सोडला असता पाइपमधून पाणी वाहते." ते कोणाला माहीत होतं, कोणी मान्य केलं होतं, त्याने लेखी संमतीची उणीव भरून निघते का, यातलं एक अक्षरही लिहिलं नाही. तो युक्तिवाद दोन्ही वकिलांनी करायचा.

पंचनाम्यावर सह्या घेताना मालकांनी ते वाक्य दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं आणि सही केली.

आजींनी चहा ठेवला होता. कमिशनरला पक्षकाराच्या घरी चहा घेता येत नाही. मी बॅग उचलून अंगणात आले तशा त्या मागोमाग आल्या.

"पाइपाचं लिहिलंत ना, बाई?"

"लिहिलंय."