सातवीचे दाखले

आज सातवीच्या पोरांचे दाखले वाटले. आमची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच, आठवीला खालच्या गावातलं हायस्कूल गाठायचं. अंतर सांगायला फार नाही. पण गगनबावड्याचा पाऊस कोल्हापुरात बसून कळत नाही. ओढ्यावर पाणी आलं की एसटी अलीकडूनच माघारी फिरते.

वर्गातल्या सगळ्यात हुशार पोरीची आई दाखला घेऊन दारातच थांबली. "बाई, पास फुकट हाय, खरं शाळा सुटायच्या आदी गाडी जाती. दुसरी येस्तवर अंधार. पोरीनं यायचं कसं?" अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एसटी मोफत आहे, हे तिला पाठ होतं. मीच उगाच परत सांगत बसले. थोरल्या पोराला मात्र सायकल घेतलीय हं त्यांनी!

शाहू महाराजांनी १९१७ साली या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा वयाच्या १४ वर्षांपर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत हात धरतो. नववीपासून सगळी भिस्त घरच्यांवर. आणि ऊसतोड मजुरांची पोरं? ती कारखान्यांचा हंगाम संपला की बीडकडे परततात, त्यांचे दाखले कोण कुठे मागणार!

वाडीतल्या बाकीच्या मुलींच्या घरीही उद्या जातेय. सगळ्या एकत्र जाणार असतील तर वडाप, म्हणजे खासगी जीप, ठरवता येईल. संध्याकाळच्या गाडीची वेळ बदलायचा अर्जही लिहून ठेवलाय. आगारात कुणाची ओळख असेल तर इनबॉक्स करा.