तुमका फुटबॉलातला काय कळता?

अमेरिकन लोकांना फुटबॉल कळत नाही, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज फेकलं जातं की त्यावर कोणी थांबून विचारही करत नाही. आमच्या शिरोडा-वेंगुर्ला पट्ट्यातली जी पोरं रात्री अडीचला मोबाईलवर युरोपातल्या मॅच बघत बसतात ती पण हेच म्हणतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी अमेरिकेतली एक मॅच धड बघितलेली नसते. मला हे खटकतं, कारण आम्ही सिंधुदुर्गातली फुटबॉलवेडी माणसं हेच ऐकत मोठी झालोय. क्रिकेटवाले म्हणणार ह्यो काय खेळ, नव्वद मिनटां धावतत आणि गोल एक. बॉर्डर ओलांडून फातोर्ड्याला एफसी गोवाची मॅच बघायला गेलो की तिथला एखादा गोंयकार म्हणणार, तुम्ही महाराष्ट्रातले, तुमका फुटबॉलातला काय कळता?

माझा आतेभाऊ न्यू जर्सीला असतो, मूळचा आरवलीचा. त्याची पोरगी तिथल्या क्लबात खेळते, शनिवारी सकाळी आईबाप घडीच्या खुर्च्या घेऊन मैदानाच्या कडेला बसतात, हाफटाइमला पोरांना संत्र्याच्या फोडी वाटतात. तर हा एका मोठ्या इंग्लिश क्लबचा फॅन, आणि एका मॅचनंतर त्याने ऑनलाइन चर्चेत साधा प्रश्न टाकला, की आपल्याकडे बॉल असताना आपला राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू, लाइन सोडून मधे मिडफिल्डमध्ये का येतो, मग त्याच्या मागे मोकळी जागा राहत नाही का. किती चांगला प्रश्न आहे! कोच लोक यावर तासभर बोलतील. उत्तरं काय आली, तर पहिलं, जा बाबा तू बेसबॉल बघ. दुसरं, हाताने फुटबॉल खेळणाऱ्यांनी (अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो बॉल हातात घेऊन खेळायचा वेगळाच खेळ) आम्हाला शिकवू नये. मग कोणीतरी प्रोफाइल उघडून नाव बघितलं आणि अमेरिकन म्हणून सुरू झालेल्या शिव्या इंडियन म्हणून पुढे चालू राहिल्या, रंग, वास, सगळं निघालं. त्याने मला स्क्रीनशॉट पाठवले तेव्हा सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला सांगू? त्या घाणीवर हसून लाइक देणाऱ्यांत एक आपला मुंबईचा मराठी मुलगा होता. राइट बॅकचं उत्तर कोणी दिलंच नाही. आणि हाच माणूस सोमवारी ऑफिसात गेला की तिथले गोरे सहकारी म्हणतात, झिरो-झिरो संपणारा खेळ कसा काय बघतोस रे तू. म्हणजे घरचे, अमेरिकेतले, म्हणतात हा परक्यांचा खेळ, आणि परके, ते ऑनलाइनवाले, म्हणतात तू आमच्यातला नाहीस.

या घरच्या अमेरिकनांचं म्हणणं नवीन नाहीये. 1994 चा वर्ल्डकप अमेरिकेत आणायचं चाललं होतं तेव्हा 1986 मध्ये जॅक केम्प नावाच्या खासदाराने, जो आधी त्यांच्या त्या हाताने खेळायच्या फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, होता, थेट संसदेत उभं राहून सांगितलं की आमचा फुटबॉल तो लोकशाही आणि भांडवलशाहीचा आणि तुमचा हा युरोपियन समाजवादी खेळ. खेळाला राजकारणाचा शिक्का असा बसतो. शिवाय टीव्हीवाल्यांची अडचण होतीच, त्यांच्या सगळ्या खेळांत घडोघडी थांबा असतो आणि प्रत्येक थांब्यात जाहिरात, इथे पंचेचाळीस मिनिटं बॉल पळतच राहतो तर पैसा कुठे कमवायचा. आणि बरोबरी तिथे कोणाला बघवायची नाही, म्हणून 1996 मध्ये एमएलएस ही त्यांची लीग सुरू केली तेव्हा घड्याळ उलटं, शून्याकडे, चालवलं आणि बरोबरी झाली की खेळाडूने पस्तीस यार्डांवरून बॉल घेऊन गोलकीपरवर एकटं धावत जायचं असा शूटआउट काढला. जे खरे फॅन होते त्यांना हे अजिबात आवडलं नाही, त्यांना जगात खेळतात तसाच खेळ हवा होता, आणि 1999 च्या सीझननंतर हे प्रकार बंद झाले. आता सांगा, या लोकांना खेळ कळत नाही म्हणायचं?

बरं, इतिहास तरी बघा. 1930 च्या पहिल्या वर्ल्डकपला अमेरिका सेमीफायनलला होती. 1950 मध्ये ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरात त्यांनी इंग्लंडला 1-0 हरवलं, आणि कोणी हरवलं तर एक शाळामास्तर, एक शववाहिका चालवणारा गोलकीपर, आणि गोल केला तो हैतीहून शिकायला आलेल्या जो गेटजेन्सने, जो न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात भांडी घासायचा. त्याच वर्ल्डकपला आपली जागा होती आणि आपण गेलोच नाही, हे पण लक्षात असू द्या. पुढे 1975 मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसला गेला आणि 1977 मध्ये तीच अमेरिकन टीम कलकत्त्याला ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी खेळली, 2-2. पेले आपल्या मैदानावर खेळताना दिसला तो एका अमेरिकन क्लबच्या शर्टात. कॉसमॉस खेळायची ती जुनी लीग 1984 नंतर बुडाली हे खरंय, पण 1994 चा वर्ल्डकप झाला तेव्हा 52 मॅचना 35 लाखांवर माणसं आली, सरासरी 69 हजारांच्या आसपास, आणि नंतर टीम वाढल्या, मॅच वाढल्या तरी 2022 च्या कतारपर्यंत एकूण गर्दीचा तो आकडा कोणाला मोडता आला नाही.

आणि बायकांचा फुटबॉल तर या भांडणांत कोणी धरतच नाही, याचा मला मनापासून राग आहे. 1972 साली अमेरिकेत कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलींशी भेदभाव करायचा नाही, त्यातून कॉलेजांत मुलींच्या टीम उभ्या राहिल्या, स्कॉलरशिप मिळायला लागल्या, आणि त्या मुलींनी 1991, 1999, 2015, 2019 असे चार वर्ल्डकप जिंकले. 1999 ची फायनल रोझ बोलला नव्वद हजारांवर माणसांसमोर झाली. ज्या देशात हे झालं त्या देशाला फुटबॉल जमत नाही म्हणणाऱ्याने आधी बायका खेळतात तो फुटबॉल नाही असं तोंडाने स्पष्ट म्हणावं, मग बोलू. पण 2023 मध्ये याच टीमला स्वीडनने पेनल्टीवर बाहेर काढलं आणि त्यांच्या मेगन रपिनोची पेनल्टी गोलच्या वरून गेली, तेव्हा अमेरिकेतलेच कितीतरी लोक ऑनलाइन आनंदाने नाचले, ट्रम्पनी सुद्धा पोस्ट टाकून टोमणा मारला. कारण खेळ नव्हताच, तिची राजकीय मतं होती. म्हणून म्हणते, हे जे ऑनलाइन वैर आहे ना, त्याचा मॅचशी संबंध फार थोडा असतो, मॅच हे निमित्त असतं.

आपल्याकडे काय वेगळं चाललंय? 2021 च्या जुलैत लंडनला युरोची फायनल झाली आणि पेनल्टी चुकलेल्या इंग्लंडच्या रॅशफर्ड, सांचो, साका या तीन काळ्या पोरांवर ऑनलाइन तुटून पडले, साका तेव्हा 19 वर्षांचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात दुबईला आपण पाकिस्तानशी हरलो आणि मोहम्मद शमीवर त्याच्या धर्मावरून तुटून पडले, कोहलीला पत्रकारांसमोर त्याच्या बाजूने उभं राहावं लागलं. पुढच्या वर्षी एक कॅच सुटला म्हणून अर्शदीप सिंगवर. हे मोठ्यांचं सोडा, आमच्या इथे मे महिन्यात वाडीवाडीच्या क्रिकेट टुर्नामेंट यूट्यूबवर लाइव्ह दाखवतात ना, त्याच्या चॅटमध्ये जरा डोकावून बघा. एका अंडरआर्मच्या मॅचला अंपायरने रनआउट दिला नाही तर अंपायरच्या आईबहिणीपासून जातीपर्यंत सगळं लिहून झालं, तेही मुंबईत, दुबईत बसलेल्या गाववाल्यांनी. मैदानावर मी स्वतः उभी होते, तिथे दोन्ही टीमची पोरं मॅच संपल्यावर एकाच टपरीवर बसून सोलकढी पीत होती आणि तो अंपायर त्यांच्यातच बसला होता.

टीका नकोच असं मी म्हणत नाहीये, टीका कराच. अमेरिकेत पोराला खेळवायला आईबापांना क्लबची फी, कोचची फी, दुसऱ्या राज्यात टुर्नामेंट असली की हॉटेल, सगळं खिशातून घालावं लागतं आणि गरिबाघरचं चांगलं पोर बाहेर राहतं, 2017 ला त्रिनिदादकडून 2-1 हरून 2018 चा वर्ल्डकप हुकला तेव्हा तिथल्याच लोकांनी यावर रान उठवलं. तीन देशांत मिळून ठरलेल्या 2026 च्या वर्ल्डकपच्या 104 पैकी 78 मॅच एकट्या अमेरिकेला दिल्या, तिकिटं भयंकर महाग, तर राग जरूर यावा, पण तो वर्ल्डकप भरवणाऱ्या फिफावर काढा, आयुष्यात पहिल्यांदा मॅच बघायला बसलेल्या माणसावर कशाला?

आपल्या फुटबॉल टीमचा तेव्हाचा कॅप्टन सुनील छेत्री, त्याचं 2018 मधलं आठवतं का? अंधेरीला चायनीज तैपेईला 5-0 हरवलं, त्याची हॅटट्रिक, आणि स्टँड रिकामे. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ टाकला, टीका करा, शिव्या द्या, पण स्टेडियमवर येऊन द्या. युरोपियन क्लबच्या फॅनना तर त्याने वेगळं सांगितलं, आमची लेव्हल तेवढी नाही हे मान्य, तरी या. पुढची मॅच केनियाशी, त्याची शंभरावी, धो धो पाऊस आणि सगळी तिकिटं संपलेली. त्याने कोणालाच विचारलं नाही की तुला खेळातलं किती कळतं.

आमच्या ग्रुपमध्ये सध्या कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला असे सगळीकडचे आहेत, मुलीही आहेत, आणि कोणी कोणाला प्लास्टिक फॅन, म्हणजे नावापुरता फॅन, म्हटलं तरी आम्ही त्याला फोन करून बोलतो, परत केलं तर काढतो. दर रविवारी संध्याकाळी ओहोटी असली की शिरोड्याला सुरूच्या बनासमोर पुळणीवर खेळतो, पावसात समुद्र खवळला की शाळेच्या मैदानावर चिखलात. ऑफसाइड माहीत नसलेल्यांनी पण या, बूट नसले तरी चालतील. फक्त ओहोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या.